फ्लॅटमधल्या सशांसाठी आठ बाय चारचा पिंजरा

सशाच्या पिल्लासोबत दुकानात जो पिंजरा गळ्यात मारला जातो, तो साधारण दोन फूट बाय दीड फुटाचा असतो. पिल्लू तळहाताएवढं असतं, म्हणून तो तेव्हा प्रशस्त वाटतो. सहा महिन्यांत तेच पिल्लू अडीच-तीन किलोचं होतं आणि दुपारी मागचे पाय ताणून आडवं पडलं की जवळजवळ दोन फूट जागा व्यापतं. मग त्या पिंजऱ्यात त्याला झोपताही येत नाही, उडी मारणं तर दूरच.

माप ठरवताना तीन गोष्टी बघायच्या: सलग तीन उड्या मारता याव्यात, मागच्या पायांवर उभं राहिल्यावर कान छताला लागू नयेत आणि दोन ससे एकमेकांपासून लांब जाऊन पडू शकावेत. ब्रिटनमधली रॅबिट वेलफेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा सुचवते, आणि तीही चोवीस तास खुली. ठाण्या-नवी मुंबईतल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये एवढी जागा काढली तर माणसांनी बसायचं कुठे, हा प्रश्न खराच आहे. म्हणून इथे दिलेला पिंजरा ८ फूट × ४ फूट × ३ फूट उंच आहे, म्हणजे त्या मापाच्या साधारण निम्मा. तो रात्रीसाठी आणि घरात कोणी नसतानाच्या वेळेसाठी आहे. सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे ससे खरे जागे असतात त्या वेळी, दार उघडून त्यांना खोलीत सोडायचंच. तेवढंही जमणार नसेल तर ससे आणू नका, हे आम्ही मनापासून सांगतो.

लांबी कमी करून दोन-तीन मजले करायचा मोह होतो. करू नका. मजल्यांनी चौरस फूट कागदावर वाढतात, पण ससा धावतो तो सरळ रेषेत. चार फुटांच्या तीन मजल्यांपेक्षा आठ फुटांची एक सलग जमीन त्याच्या पायांना आणि पाठीला कितीतरी जास्त उपयोगाची.

आधी जागा, मग सामान

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघर-उलव्याच्या नव्या इमारतींत हॉलला मोठ्या काचा असतात. पश्चिमेकडे तोंड असेल तर दुपारी दोन ते सहा ऊन थेट फरशीवर येतं. सशाला घाम येत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तापमान ३० अंशांच्या वर गेलं, त्यात हवा दमट असली, की त्याला ते जमेनासं होतं. म्हणून ठरवलेल्या जागी फरशीवर थर्मामीटर ठेवून दुपारी तीन वाजता वाचा. २८च्या वर आकडा जात असेल तर दुसरा कोपरा शोधा, नाहीतर जाड पडदा लावा.

बाल्कनी नको. ग्रील असलं तरी पावसाची झड आत येते, कावळे-घारी जाळीवर येऊन बसतात, आणि शेजारच्या एसीच्या आउटडोअर युनिटची गरम हवा तिथेच सुटते. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांकडे माकडंही येतात. स्वयंपाकघरही नको, कुकरच्या शिट्टीने ससे दचकतात. हॉलची किंवा बेडरूमची आतली भिंत उत्तम. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, त्यामुळे तीच भिंत वापरावी लागली तर मध्ये चार इंच फट ठेवा. पिंजऱ्यापासून फूटभर अंतरात चार्जरची, टीव्हीची किंवा वायफायची एकही वायर नको.

पिंजऱ्याचा जीव जमिनीत

बिघाड बहुतेक वेळा इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

बाजारातल्या पिंजऱ्यांना खाली जाळी आणि तिच्याखाली सरकता ट्रे असतो. साफसफाईला सोपा, म्हणून तो विकला जातो. पण कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या सशाच्या तळपायाला नसतात, नुसते केस असतात. जाळीवर किंवा कडक, ओल्या फरशीवर सतत बसलं की मागच्या टाचेखालचे केस झिजतात, कातडी लाल होते, मग जखम होते, आणि ती भरता भरत नाही. सशाला उताणं करून मागची टाच बघा. केसांखाली बोटभर गुलाबी चट्टा दिसला तर जमीन चुकली आहे, हे समजायचं.

प्लायवूडचा तळ हा दुसरा नेहमीचा घोटाळा. सशाचं मूत्र दाट असतं, त्यात कॅल्शियम भरपूर असतं, वासही उग्र. सनमायका लावला तरी ते कडेच्या फटीतून आत मुरतं. जुलैत प्लाय वाळत नाही, फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि ससा ते गोंदासकट कुरतडतो. फ्लॅटमध्ये खाली पक्की टाइल असताना प्लायची गरजच नाही.

आपण जमीन अशी करू. टाइलवर २ मिलिमीटर जाडीची विनाइल शीट, ९ फूट × ५ फुटांचा अखंड तुकडा. ही शीट रोलमधून कापून मिळते. पन्हा किमान ५ फूट आहे ना ते विचारून घ्या, मध्ये सांधा नको. पिंजऱ्याची चौकट या शीटवर उभी राहते आणि शीट चारी बाजूंनी पाच-सहा इंच बाहेर उरते. म्हणजे कडा सशाच्या दाताला लागत नाही आणि उडालेलं पाणी टाइलपर्यंत जात नाही. विनाइल घसरडं असतं. घसरड्या जमिनीवर सशाचे पाय फाकतात आणि तो धावायचंच सोडून देतो. म्हणून वर सुती सतरंजी हवी. तिचे गोंडे कापून कडा दुमडून शिवून घ्या, कारण लोंबणारा धागा सशाच्या पोटात जाऊन अडकतो. सतरंज्यांचे तीन जोड लागतील. एक आत, एक धुतलेला आणि एक दोरीवर. दोन जोडांत उन्हाळा निघतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये सतरंजी तीन-तीन दिवस वाळत नाही आणि दमट सतरंजी घालण्यापेक्षा न घातलेली बरी.

एखादा ससा सतरंजीच कुरतडून गिळतो. त्याच्यासाठी शिंदीच्या पानांची, रंग न दिलेली चटई घाला. ती तो खाईल, पण त्याने बिघडत नाही. फोमच्या कोड्यासारख्या जुळणाऱ्या मॅट मात्र अजिबात नकोत. त्यांचे तुकडे पोटात फुगत नाहीत आणि विरघळतही नाहीत, नुसते अडकून बसतात.

वखारीतून काय आणायचं

लाकूड पाइनचं, चांगलं वाळलेलं, दीड इंच × एक इंच जाडीच्या पट्ट्या. ८ फुटी १४ पट्ट्या लागतात. वाळवीचं औषध मारलेलं लाकूड नको, जुन्या फर्निचरचं रंगवलेलं लाकूड नको, एमडीएफ (भुसा गोंदात दाबून केलेली फळी) तर नकोच. आठ फुटी पट्टी बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून वखारीतच कापून घ्या. तुकडे असे:

३ फुटांचे १२ (उभे)
३ फूट ९ इंचांचे १२ (आडवे)
२ फूट ९ इंचांचा १ (दाराच्या बाजूचा मधला उभा)
२ फूट ८¾ इंचांचे २ (दाराचे उभे)
१ फूट ६½ इंचांचे २ (दाराचे आडवे, हे ३ फुटांच्या तुकड्यांनंतर उरलेल्या २ फुटी शिलकीतून निघतात)

हार्डवेअरच्या दुकानातून १ इंच × १ इंच घराची, १४ गेजची जीआय वेल्ड मेश (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी), ३ फूट पन्ह्याची, ३० फूट. गेजचा आकडा जेवढा लहान, तेवढी तार जाड. १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर. कोंबड्यांसाठी मिळते ती षटकोनी जाळी स्वस्त असते, पण तिची तार ससा दातांनी सहज तोडतो. घर एक इंचापेक्षा मोठं नको, पिल्लाचं डोकं त्यात अडकतं. तळमजल्यावर किंवा गावठाणातल्या बैठ्या घरात उंदीर-घुशींचा वावर असेल तर खालच्या फूटभर भागाला बाहेरून अर्ध्या इंच घराची जाळी आणखी एक लावा.

याशिवाय अडीच इंची स्क्रू ७०, लहान एल-क्लँप आणि त्यांचे स्क्रू २४, पाऊण इंची यू-खिळे ३००, ६ मिलिमीटर जाडीचे बोल्ट साडेतीन इंची ४ आणि तीन इंची ८, सगळ्यांना वॉशर आणि विंग नट. अडीच इंची बिजागऱ्या २, कड्या २, ॲल्युमिनियमची एल-पट्टी ४ फूट, केबल टायची एक पुडी. हत्यारं म्हणाल तर ड्रिल, ३ मिलिमीटरचं बिट, ६ मिलिमीटरचं बिट, गुणिया, तार कापायची पक्कड, हातोडी आणि कानस.

चौकटी

सहा चौकटी करायच्या, सगळ्या ४ फूट × ३ फुटांच्या. एका चौकटीसारखी दुसरी असल्याने घर बदलताना बोल्ट सोडून सगळा पिंजरा सोफ्यामागे उभा करून नेता येतो.

३ फुटांचे दोन उभे तुकडे बाजूला, त्यांच्या मध्ये ३ फूट ९ इंचांचे दोन आडवे, एक वर आणि एक खाली. पट्टीची दीड इंची बाजू समोर येईल असं ठेवा. दोन्ही बाजूंचे दीड-दीड इंच धरून बरोबर ४ फूट भरतात. प्रत्येक कोपऱ्यात उभ्या पट्टीच्या बाहेरून दोन स्क्रू, ते आडव्या पट्टीच्या टोकात शिरतात. आधी ३ मिलिमीटरने भोक पाडल्याशिवाय स्क्रू पिळू नका. पाइन टोकाला फाटतं आणि एकदा चीर गेली की तो कोपरा कायमचा डगमगतो. टोकातला स्क्रू तसाही लाकडाला नीट धरत नाही, म्हणून बाहेरच्या बाजूने प्रत्येक कोपऱ्यात एल-क्लँप लावा. क्लँप लावण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले, म्हणजे ५ फूट, तर चौकट काटकोनात आहे. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा फरक चालेल, अर्ध्या इंचाचा नाही, कारण मग बोल्टची भोकं एकमेकांसमोर येणार नाहीत.

लाकडाला पॉलिश लावायचंच असेल तर पाण्यात मिसळणारं, रंगहीन, दोन हात. त्यानंतर निदान आठवडाभर वास जाऊ द्यावा. ऑइल पेंट नको.

जाळी चौकटीच्या आतल्या बाजूने लावायची. बाहेरून लावली तर दिसायला नीटनेटकी दिसते, पण मग लाकूड सशाच्या तोंडाशी येतं आणि महिनाभरात खालची पट्टी कोरली जाते. दाराची चौकट सोडून प्रत्येक तुकडा ४७ घरं लांब आणि ३५ घरं रुंद कापा, म्हणजे चारी बाजूंनी अर्धा इंच लाकूड उघडं राहतं. कापताना तार आडव्या तारेला जिथे मिळते तिथे अगदी चिकटून कापा, टोक शिल्लक ठेवू नका. मग बोट फिरवून बघा, जिथे बोचेल तिथे कानस मारा. सशाचा डोळा नेमका त्या उंचीवर येतो. यू-खिळे दर चार इंचांवर. नवी जीआय जाळी पांढऱ्या व्हिनेगरने पुसून मग साध्या पाण्याने धुऊन वाळवा. जस्ताची सैल पूड निघून जाते. जस्त पोटात गेलेलं सशाला चांगलं नाही.

सहापैकी ज्या चौकटीत दार हवं, तिच्यात २ फूट ९ इंचांचा तुकडा बरोबर मधोमध उभा करा. दोन्ही बाजूंना १ फूट ९¾ इंचांची फट उरते. एका फटीला २४ × ३५ घरांची जाळी ठोकून बंद करा. दुसऱ्यात दार बसतं: १ फूट ९½ इंच रुंद, २ फूट ८¾ इंच उंच, म्हणजे चारी बाजूंनी एक-एक सूत मोकळं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, ते सूत तेव्हा कामी येतं. दाराला २१ × ३२ घरांची जाळी आतून. दार बाहेर उघडणारं हवं. कडी वर एक आणि खाली एक, दोन्ही बाहेरून, कारण एकच कडी वर असली की ससा खालचा कोपरा नाकाने ढकलून फट करतो. दाराखालची आडवी पट्टी जाळीविना उघडी राहते, तिच्यावर ॲल्युमिनियमची एल-पट्टी ठोका.

उभारणी

विनाइल अंथरा, त्यावर लांब बाजूला दोन-दोन चौकटी एकाला एक लावून उभ्या करा. त्यांच्या सांध्यात साडेतीन इंची बोल्ट, वर एक आणि खाली एक. आखूड बाजूच्या दोन चौकटी या लांब बाजूंच्या मध्ये बसतात. कोपऱ्यांत तीन इंची बोल्ट, लांब बाजूच्या चौकटीच्या एक इंच जाडीतून आखूड बाजूच्या उभ्या पट्टीच्या दीड इंचात. भोकं दोन्ही चौकटी एकत्र धरूनच पाडा, वेगवेगळी पाडली तर कधी जुळत नाहीत. बोल्टचं डोकं आत आणि विंग नट बाहेर. बाहेरून बाहेर माप ८ फूट × ४ फूट २ इंच भरेल, जागा ठरवताना ते दोन इंच धरा.

तीन फुटांवरून उडी मारणारे ससे असतात, विशेषतः जवळ चढायला काही असेल तर. म्हणून ज्या टोकाला लपायचं खोकं ठेवणार तिथे वरून सव्वाचार फूट × तीन फुटांची जाळी केबल टायने आवळून बांधा. टायची शेपटी बाहेर काढून मुळापासून कापा. घरात मांजर असेल तर सगळाच पिंजरा वरून झाका.

आत काय

लपायची जागा दोघे एकत्र मावतील एवढी: २ फूट × दीड फूट × १ फूट, आणि तिला दोन दारं, सात-सात इंचांची. एकच दार असलं की भांडणात आतला ससा कोंडला जातो. एप्रिल-मेमध्ये तुर्भ्याच्या एपीएमसीतून घरोघर आंब्याची खोकी येतात, ती यासाठी छान. पिना आणि चिकटपट्टी काढा. आत आंबा पिकवायची पावडर किंवा पुडी चिकटलेली असेल तर ते खोकं सोडून द्या. खोकं भिजलं किंवा निम्मं खाल्लं की फेकायचं, दुसरं ठेवायचं.

शी-शूसाठी २० × १५ इंचांचा, पाच इंच उंच प्लास्टिकचा ट्रे. एकट्या सशाला रुंद घमेलंही पुरतं. तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर इंचभर कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्या, वर मूठभर मोकळं गवत. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो पण घेऊ नका, त्यात प्लायचा गोंद आणि बारीक धूळ असते. मांजरांसाठीची, ओली झाल्यावर गोळा होणारी वाळू पोटात गेली तर आतडं बंद करते.

गवताची जागा ट्रेच्या अगदी शेजारी किंवा वर. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत एका टोकाला आणि ट्रे दुसऱ्या टोकाला ठेवला की जमीन घाण होणारच. दिवसभर गवत संपता कामा नये. मोठ्या सशाला टिमोथी किंवा ओटचं वाळलेलं गवत द्यावं. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं, ती वाढत्या पिल्लांसाठी ठीक. भाताचा पेंढा अंथरायला चालतो, पण तो जेवण नव्हे.

पाण्याला चिनी मातीचा जड वाडगा. स्टीलचा हलका वाडगा ससे दातात धरून उलटा करतात. एका कोपऱ्यात एक सुटी टाइल ठेवा, बांधकामातून उरलेली असतेच. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये फ्रीजरमध्ये लिटरच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या असू द्या. वीज गेली की एक बाटली जुन्या मोज्यात घालून टाइलवर आडवी ठेवायची, ससा स्वतःच तिला टेकून बसतो.

पावसाळा आणि रोजची साफसफाई

ट्रे एरवी दिवसाआड बदलला तरी चालतो, पावसाळ्यात रोज. ओल्या, मूत्राने माखलेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. जून ते सप्टेंबर रोज शेपटीखाली बघा. ट्रेला पांढरा खर चढला की पांढरं व्हिनेगर ओतून पंधरा मिनिटं ठेवा आणि घासा. फिनेल वापरू नका, त्याचा वास सशाच्या श्वासाला झोंबतो. पिंजऱ्याच्या खोलीत धूप आणि डासांची कॉइलही नको.

पंधरवड्यातून एकदा विनाइल उचलून खालची टाइल कोरडी करा. गवत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं की घाम धरतं आणि आतून काळं पडतं. ते सुती गोणीत, जमिनीपासून वर ठेवावं. कुबट वास आला तर सगळी गोणी टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका.

गणपतीत ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी पिंजऱ्याच्या दोन बाजू जाड चादरीने झाका, खिडकी लावून घ्या. एखाद्या सशाने बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

दोन ससे एकत्र ठेवण्याआधी नर-मादी डॉक्टरांकडूनच ओळखून घ्या. दुकानात दोघी माद्या म्हणून दिलेल्यांत एक नर निघणं काही दुर्मीळ नाही, आणि सशाच्या मादीची पिल्लं महिन्याभरात होतात. नसबंदी होईपर्यंत पिंजऱ्याच्या मधोमध सातवी चौकट बसवून दोन भाग करता येतात.

पहिले आठ दिवस ससे ट्रे सोडून दुसऱ्याच एका कोपऱ्यात शू करतील. त्यांना ओढून ट्रेमध्ये बसवू नका, ट्रेच त्या कोपऱ्यात न्या आणि गवतही सोबत न्या. पहाटे चार-पाचला जाळी दातात धरून खडखड वाजवू लागले, तर आधी गवत संपलंय का बघा. गवत असेल तर आदल्या संध्याकाळी ते दाराबाहेर किती वेळ होते, ते आठवा.